मदत करणाऱ्यांची यादी

एक बी सुरीलाच चिकटून राहिली. काळी, गुळगुळीत, वर ते पातळ बुळबुळीत आवरण, एखाद्या माशाच्या डोळ्यासारखी — मधुवंतीने ती बोटाने ढकलली तर बोटाला चिकटली, बोटावरून झटकली तर ओट्याच्या कडेला, आणि तिथून ती टक लावून बघायला लागली, म्हणजे बी मधुवंतीकडे, आणि मग मधुवंतीही बीकडे, आणि सकाळचे साडेआठ वाजलेले, निहार ऑफिसला गेलेला, वॉशिंग मशीन फिरतंय, खिडकीतून दोन बिल्डिंगच्या फटीत समुद्र टिकलीएवढा दिसतोय, आणि ही बाई हातात सुरी घेऊन पपईच्या बीशी नजरानजर करत उभी! हसूच आलं तिला. एकटीच हसली. आणि हसल्यावर लक्षात आलं की हा आठवडाभर आपण असं मध्येच एकटंच हसतोय, आणि आपल्याला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, छान वाटतंय. मळमळ सोडून. मळमळ होतीच, घशाशी येऊन बसलेली, पण तिच्या खूप खाली, अगदी तळाशी, एक सपाट कोरडी जागा होती आणि तिथे ती मस्त मांडी घालून बसली होती.

आता हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कारण असल्या गोष्टीला चेहरा कसा हवा हे आधीच ठरलेलं असतं ना. सातवा आठवडा. गेल्या शनिवारी सकाळी दोन रेघा उमटल्या आणि संध्याकाळपर्यंत तिचं ठरलं — आत्ता नाही, कदाचित कधीच नाही, पण आत्ता तर नाहीच. निहारने "नक्की?" असं तीनदा विचारलं, चौथ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मग उठून कारण नसताना सगळ्या चादरी धुवायला टाकल्या. काल, गुरुवारी, ती तोआ पायोहच्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशनाला जाऊन आली. इथे म्हणजे सिंगापूरला. गर्भपाताआधी ते करावंच लागतं, आणि ते झालं की अठ्ठेचाळीस तास थांबावं लागतं. विचार करायला. म्हणजे आजचा शुक्रवार हा कायद्याने तिला विचार करण्यासाठी दिलेला दिवस होता, आणि ती सकाळपासून विचार करत होती तो असा, की मशीनमधले कपडे आत वाळत घालायचे की बाहेर.

समुपदेशनाच्या बाई चिनी, पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी व्हिडिओ दाखवला, कागद दिले, ते कागद एका निळ्या फोल्डरमध्ये घालून फोल्डर दिला, आणि सगळं झाल्यावर पेन खाली ठेवून विचारलं, "हजबंडला माहितीये?"

"हो."

"मदरला?"

मधुवंतीने फोल्डरचा कोपरा सारखा केला. बाईंनी चष्मा केसांतून काढून पुसला, परत केसांतच खोचला. "टेल मदर, कॅन," त्या म्हणाल्या. "डोन्ट टेल, ऑल्सो कॅन."

एवढंच. जसं काही त्या सांगत होत्या की नूडल्स सूपमध्येही मिळतील, कोरड्याही मिळतील. मधुवंतीला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली... कारण? कारण विचारलंत तर कारण सांगता येत नाही, आणि कारण नाही असंही नाही. पैशाची अडचण नाही, तब्येत चांगली, नवरा चांगला, नको तितका चांगला. पण प्रत्येक कारण तोंडातून बाहेर काढलं की ते दुसऱ्याला पटवायच्या कामाला लागतं, आणि आतली गोष्ट पटवायची नव्हतीच, ती नुसती होती. पाण्यात पाय सोडून बसल्यावर पाणी जसं असतं, तशी.

आणि तरीही पपई. ही पपई तिने मुद्दाम आणली होती, काल येताना. कारण रविवार.

रविवारी काय झालं, तर ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालायला जाणारे हे चार-पाच मराठी लोक चालून झाल्यावर हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलांपाशी, बसले होते, आणि फळांच्या स्टॉलवरच्या अंकलने पपईच्या फोडींची प्लेट पुढे केली, आणि दमयंतीमावशींनी एक उचलली, निहारने दोन उचलल्या, आणि तिचा हात पुढे गेला आणि... मागे आला. तिने घेतला नाही मागे. आला. मी बघत होते माझ्या हाताकडे! शनिवारी संध्याकाळी सगळं ठरवून झालेलं, स्वच्छ, पक्कं, आणि रविवारी सकाळी हात म्हणतोय पपई नको गं, उष्ण असते, अशा दिवसांत चालत नाही. हा हात माझा, की आईचा? की आईच्या आईचा? मी म्हटलं होतं का त्याला, सांभाळ म्हणून? आणि त्याहून वाईट म्हणजे दमयंतीमावशींनी ते पाहिलं. पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली, नवऱ्याच्या, उद्धवकाकांच्या शर्टावरचा डाग पुसायला लागल्या. शर्टावर डाग नव्हता.

दमयंतीमावशी म्हणजे आईची शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. पंचवीस वर्षं झाली त्यांना सिंगापूरला येऊन, तोआ पायोहला राहतात, आणि मधुवंती इथे आली तेव्हा आईने एअरपोर्टवर सांगितलं होतं की काही लागलं तर दमयंती आहे, मी आणि दमयंती काही वेगळ्या नाही. तेव्हा हे वाक्य किती गोड वाटलं होतं! आणि काल क्लिनिकच्या बिल्डिंगमधून बाहेर पडताना, लिफ्टसमोर, भाजीची ट्रॉली ओढत समोर कोण, तर आईपासून वेगळी नसलेली बाई. मधुवंतीने काय करावं? लपावं, वळावं, निदान फोल्डर पाठीमागे धरावा. तिने फोल्डर धरलेलाच हात वर करून हलवला. जोरात. निळा फोल्डर, वर क्लिनिकचं नाव हे एवढं मोठं, आणि ही झेंड्यासारखा हलवतेय. मावशींनी मान डोलावली आणि समोरच्या दुकानात शिरल्या. दुकान मोबाईलच्या कव्हरांचं होतं.

मशीन थांबलं तेवढ्यात फोन वाजला. मावशींचाच मेसेज. "संध्याकाळी सहाला ईस्ट कोस्टला येतोय आम्ही. नेहमीच्या बाकावर ये. डबा आहे. बोलायचंय."

बोलायचंय. मधुवंतीने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

कारण एकच गोष्ट होती जी तिला नको होती. बाकी कुणाला कळो न कळो, पण आईला हे दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको होतं. सांगायचं तर मी सांगेन, नाही सांगायचं तर मी नाही सांगणार, पण कुणी तिसरंच माझ्या वतीने पुण्याला फोन लावून... आणि आई तर या आठवड्यात एवढी गोड झालेली! सोमवारी डिंकाचा फोटो, "पाठवू का कुणाबरोबर?" मंगळवारी "बाजारातून जड पिशव्या उचलून आणू नकोस गं, निहारला सांग." बुधवारी नुसतंच एक फूल. विचारत काही नव्हती. मधुवंतीला वाटलं वय झालं आता आईचं, मायेने असं करते.

तिने कपडे आत वाळत घातले. पपईवर ताटली झाकली. लॅपटॉप उघडला.

आता गंमत अशी, आणि ही खरंच गंमत आहे, की ती युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करत होती आणि गेले सात महिने ती ज्या प्रकरणावर लिहीत होती ते नेमकं हेच होतं. दोन रेघा उमटायच्या कितीतरी आधीपासून! टेक्ससचा कायदा. तिथे त्यांनी असं केलंय की सरकार गर्भपाताच्या वाटेला स्वतः जाणार नाही. पोलीस नाही, सरकारी वकील नाही. त्याऐवजी कुणीही, अगदी कुणीही, रस्त्यावरचा माणूस, कोर्टात जाऊन दावा लावू शकतो. डॉक्टरवर, आणि मदत करणाऱ्यावर. त्या बाईवर मात्र नाही. बाईला हात लावायचा नाही, बाईच्या भोवतीची माणसं उचलायची. निहारला हे समजावताना तिने एकदा सांगितलं होतं, "हे बघ, कुठल्याही कोर्टाचा दारातला पहिला प्रश्न काय असतो? तुझं काय गेलं? तुझं काही गेलं असेल तर आत ये, नाहीतर चालू पड. आपल्याकडे नळावर भांडताना बायका विचारतात ना, तुझ्या बापाचं काय जातंय, तोच प्रश्न, फक्त लॅटिनमध्ये. आणि यांनी तो प्रश्नच काढून टाकलाय. दारात कुणी विचारतच नाही!" निहार म्हणाला होता, "म्हणजे आपली सोसायटी." आणि दोघं खूप हसले होते.

आज ती त्याच परिच्छेदापाशी येऊन थांबली. मदत करणारा म्हणजे कोण? पैसे देणारा, हो. गाडीतून नेणारा? लोक यावर भांडताहेत. आणि कायदा मोडला जाणार हे त्याला माहीत होतं की नव्हतं याने फरक पडत नाही, असंही लिहिलंय. तिने पेन्सिल घेतली. छापलेल्या पानाची मागची बाजू कोरी होती, आणि ती कशी कोण जाणे लिहायला लागली. इथे असा कायदा नाही, इथे कुणी कुणावर दावा लावणार नाही, हा नुसता खेळ... पण समजा असता, आणि समजा दारात कुणी विचारत नसतं, तर माझ्यापायी कोण कोण उचललं गेलं असतं?

एक. ग्रॅबचा, म्हणजे टॅक्सीचा ड्रायव्हर, कालचा. मलय अंकल, तिने काही म्हणायच्या आत आरशातून तिचा चेहरा बघून त्याने एसीपुढे लटकवलेली ती वासाची बाटली काढून कप्प्यात टाकली आणि एक प्लास्टिकची पिशवी मागे सरकवली. काही बोलला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "स्लोली, स्लोली."

दोन. एमआरटीमधला, मेट्रोतला माणूस, येतानाचा, ऑफिसचं कार्ड गळ्यात, जो उठला. तिने मागितली नव्हती जागा.

तीन. निहार, चादरी.

चार. गार्गी, शेजारच्या टेबलावरची, जिने कालचा तिचा वर्ग घेतला. "का गं, काय झालं?" असं विचारलं आणि मग लगेच, "राहू दे, सांगू नकोस, मला पोटात ठेवता येत नाही काही." अशी प्रामाणिक आरोपी!

पाच. समुपदेशनाच्या बाई.

एकेक नाव लिहिताना तिला काय होत होतं माहितीये? लहानपणी वाढदिवसाला कुणाकुणाला बोलवायचं याची यादी करायचो ना आपण, तसं होत होतं. हा पण. ती पण. अरे हो, तो राहिलाच! ज्याने हा कायदा लिहिला त्याने अशी यादी डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला असणार — एकेकाला भीती घातली की एकेक जण मागे सरकेल आणि मधोमध ती बाई उरेल, कुणी हात न लावलेली, एकटी, वासाची बाटली लटकणाऱ्या गाडीच्या बाहेर उभी. आणि इथे नुसती यादी करता करता माझ्याभोवती गर्दी झाली.

दुपारी ती खाली गेली. पॉरिजच्या, म्हणजे तांदळाच्या पेजेच्या, स्टॉलवरच्या आंटीने भांड्यातून डाव वर काढत विचारलं, "सेम सेम? नो मीट, एग कॅन?" आणि मग तिच्याकडे नीट बघून वरून आल्याच्या काड्या मूठभर टाकल्या. "जिंजर गुड, ला. स्टमक हॅपी." सहा. मधुवंतीने बसल्या जागेवरून निहारला फोन लावला.

"मधे, बरी आहेस ना?"

"मी यादी करतेय. मला मदत करणाऱ्यांची. सहा झाले."

"मी पहिला?"

"तू तिसरा."

"नवरा असून?"

"नवऱ्याची इथे सहीसुद्धा लागत नाही. चादरींवर नंबर लागलाय तुझा, तोही कसाबसा."

पलीकडे तो हसला, मग म्हणाला, "आणि मावशी? त्यांचं काय करायचं?"

तिने चमचा पॉरिजमध्ये उभा केला. तो हळूहळू कलला. यादीची दुसरी बाजूही असते हे तिला माहीत होतं, दावा लावणाऱ्यांची. तिथे एकच नाव होतं. खरं म्हणजे दोन. पहिला फिर्यादी माझा हात, रविवारचा. तो तर कुणी न बोलावता आधीच दारात जाऊन उभा राहिला होता. आणि दुसऱ्या दमयंतीमावशी.

"डबा आणणार आहेत," ती म्हणाली.

"मग जाऊन ये. डब्यासाठी जा."

सहा वाजता भुयारी रस्त्यातून ती पार्कच्या बाजूला निघाली तेव्हा उन्हाचा चटका उतरला होता, समुद्रावर जहाजं ओळीने उभी होती, हलत नसलेली, नेहमीसारखी, जणू कुणीतरी मांडून ठेवून विसरलंय. बाकावर मावशी. पांढरे बूट, पंजाबी ड्रेस, मांडीवर पिशवी. उद्धवकाका लांब, हात हलवत झपाझप चाललेले.

"बस गं मधू. त्यांची अकराशे पावलं राहिलीत. घड्याळ ओरडतं नाहीतर. तीस वर्षं मी ओरडतेय त्याचं काही नाही, मनगटावरची ती चकती ओरडली की पळतात."

मधुवंती बसली. दोघींनी जहाजांकडे बघितलं.

"काल मी तुला पाहिलं," मावशी म्हणाल्या.

"हो."

"त्या बिल्डिंगमध्ये दातांचा डॉक्टरपण आहे ना? दुसऱ्या मजल्यावर?"

"आहे... वाटतं."

"आहे. मी जाते तिथे. तेव्हा मी धरून चालले, दात." मावशींनी पिशवीचे बंद एकात एक गुंतवले, सोडवले. "त्याबद्दल मला काही विचारायचं नाहीये. मला वेगळंच बोलायचंय. माझ्या हातून एक चूक झालीये आणि काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा नाही."

सायकलवरून दोन मुली घंटी वाजवत गेल्या. मावशी थांबल्या, मुली लांब जाईपर्यंत.

"रविवारी घरी गेले आणि तुझ्या आईला, अरुणाला फोन केला. आणि बोलून गेले. म्हटलं, तुझी लेक पपईला नको म्हणाली. एवढंच हं! पुढे एक अक्षर नाही. तीसुद्धा पुढे बोलली नाही. तीन महिने उलटेपर्यंत बोलायचं नसतं, तिला काय सांगायला हवंय. पण तिचा श्वास ऐकला मी फोनवर, अशी खूश झाली ती... आणि काल तुझ्या हातात तो फोल्डर. म्हटलं, दमयंती, काय करून ठेवलंस हे! मला काय कारण होतं बोलायचं? सांग ना. माझं काय जात होतं?"

मधुवंतीने वळून बघितलं त्यांच्याकडे. सात महिने ज्या प्रश्नावर ती टिपा आणि संदर्भ लिहीत होती तो प्रश्न तिने पहिल्यांदाच असा ऐकला. कुणी दुसऱ्याला नाही, स्वतःलाच विचारताना. घाबरायला हवं होतं तिला. डिंक, जड पिशव्या, फूल... सगळं एका झटक्यात जागेवर जाऊन बसलं होतं, आणि आईला आठवडाभर माहीत होतं, अर्धं, चुकीचं अर्धं, आणि ती पुण्यात बसून महिने मोजत होती. वाईट वाटलं. खरंच वाटलं, आईसाठी. पण घाबरली नाही. ती सपाट कोरडी जागा होती तिथेच होती. तिने आत पाय टेकवून बघितला.

"मावशी, तुम्हाला हे... दातांचं, पटतं का?" विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

"मला?" मावशींनी विचार केला, खरोखरच केला. "नाही गं. मला विचारशील तर नाही पटत. पण तू मला विचारलं नव्हतंस ना. आज विचारलंस, ते मला बरं वाटावं म्हणून." मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला, आणि एक छोटी बाटली. "आवळासुपारी आहे. मळमळीला. आणि हे मेतकूट, घरचं. मऊ भातावर घे, तूप घालून. नंतर."

नंतर. केवढासा शब्द. म्हणजे उद्यानंतर. उद्या दुपारी दोननंतर. मधुवंतीने डबा मांडीवर घेतला, कोमट होता, त्यांच्या मांडीवर होता म्हणून, आणि तिच्या डोक्यात ती यादी सळसळली, की हे तर धडधडीत साहाय्य झालं, माहीत असून केलेलं, मेतकुटासकट! मावशी, तुम्ही सातव्या. आणि दुसऱ्या बाजूलाही तुमचंच नाव आहे, पुण्याला फोन लावणारं, ते कसं खोडू? एकाच माणसाला दोन्ही बाजूंना कसं लिहायचं, हे कुठल्या प्रकरणात नव्हतं.

"अरुणाला मी काही सांगणार नाही आता," मावशी म्हणाल्या. "तिने विचारलं तर म्हणेन मला कमी दिसतं हल्ली. मोतीबिंदू म्हणेन."

"शाळेपासून एका बाकावर होतात ना? ती ओळखेल."

"ओळखेल, पण बोलणार नाही. बाकावर तेवढंच शिकलो आम्ही." आणि लांबून उद्धवकाका दोन्ही हात वर करून येताना दिसले, शर्यत जिंकल्यासारखे, आणि मावशी ओरडल्या, "झाली का दहा हजार? आता देवळाला एक प्रदक्षिणा कमी घाला!"

मधुवंती घरी आली तेव्हा साडेसात होत होते. निहारचा मेसेज, तो गाडीत आहे, वीस मिनिटं. तिने डबा ओट्यावर ठेवला, दिवा लावला, यादीचा कागद आणला, ओट्याशी उभ्या उभ्या सात नंबरला मावशींचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग पेन्सिल उलटी धरून विचार करत राहिली, आई कुठे. आईचं नाव अजून कुठेच नव्हतं. आईला कुणी विचारलंच नव्हतं ना, तिला कुठल्याच बाजूला उभं राहू दिलं नव्हतं... आणि आई आत्ता काय करत असेल, पुण्यात पाच वाजलेत, चहाची वेळ, गच्चीतल्या खुर्चीवर बसून एका हाताने बशी धरली असेल, आणि दुसऱ्या हाताने — त्याच हाताने जो माझ्या हाताच्या आत आहे — आणि फोन वाजला. आई.

तिने उचलला.

"काय गं मधू," आईचा आवाज, आणि मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. "मी आपला सहज केला. काय करतेस?" आणि मग, "काय खातेस तोंडात?"

तेव्हा मधुवंतीने खाली बघितलं. ताटली बाजूला सरकवलेली होती. पपईच्या फोडी तिनेच सकाळी कापून ठेवलेल्या, सहा, आता चार होत्या. एक तोंडात होती आणि एक त्याआधी कधीतरी गेली होती, आणि तिला आठवेना कधी हात पुढे गेला. त्याने विचारलं नव्हतं. मागे येतानाही नव्हतं विचारलं, पुढे जातानाही नाही.

टेल मदर, कॅन. तिने घास गिळला.

"पपई," ती म्हणाली.

पलीकडे काही नाही. कुकरसुद्धा गप्प. आईचा श्वास ऐकू येत होता, मावशी म्हणाल्या तसा, फक्त आता तो कसा होता ते तिला सांगता येईना — आणि मला वाटलं होतं ही शांतता आली की मी मरेन, भराभर काहीतरी बोलेन, दात, डॉक्टर, कामाचा ताण, काहीही. पण मी उभी होते. ओट्याला टेकून, अनवाणी, बोटांना रस लागलेला, आणि सकाळची ती बी अजून तिथेच कडेला चिकटलेली होती, वाळून छोटी झालेली. या शांततेत आई जे काही मोजत होती ते तिचं होतं, तिला मोजू द्यायला हवं होतं. मला घाई नव्हती. कायद्याने मला उद्यापर्यंत वेळ दिलेला होता आणि मी तो वापरला नव्हता, आता वाटलं, त्यातला थोडा आईला देता येईल.

"गोड आहे का गं?" आईने विचारलं. हळूच.

आणि मधुवंतीने आणखी एक फोड उचलली, या वेळी हाताकडे नीट बघत, आणि तोंडात घातली, कारण एवढं विचारल्यावर नीट चव घेऊन सांगायला हवं.